कामिनीच्या कुंपणातली तीन पिल्लं

आधी एक काम करा. त्या तुरेवाल्या पक्ष्याला हाकलणं आजच्या आज थांबवा. पिल्लं कुणाची हे मी खाली सविस्तर सांगते, पण ते वाचण्याआधी बागेत कुणाला तरी फोन करून एवढा निरोप द्या.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. मुलुंडच्या बागेत चालायच्या वाटेलगत कामिनीच्या झुडपांचं कुंपण आहे. त्यात छातीइतक्या उंचीवर वाटीसारखं घरटं आणि आत तीन पिल्लं. अंग जवळजवळ उघडं, पंखांच्या जागी निळसर करडे काटे, डोळे नुकते किलकिले. फांदी जराशी हलली की तिघंही माना ताणून लाल तोंडं उघडतात. सकाळी चालायला येणाऱ्यांपैकी कुणी म्हणतं कोकिळेची, कुणी साळुंकीची, कुणी पोपटाची. आणि एक ‘काळपट, डोक्यावर तुरा, पोटाशी पांढरा’ पक्षी सारखा येऊन पिल्लांच्या घशात चोच खुपसतो, त्यांच्या अंगाखालून काहीतरी पांढरं उपटून नेतो, म्हणून माळीदादा आणि तुम्ही दोन दिवस आळीपाळीने त्याला पळवून लावताय.

तो पक्षी त्या पिल्लांची आई आहे. किंवा बाप. दोघं दिसायला सारखेच असतात आणि दोघंही भरवतात. हा शिपाई बुलबुल.

चोच खुपसतो ते भरवण्यासाठी. किडा किंवा फळाचा मऊ तुकडा पिल्लाच्या घशात खोल ठेवावा लागतो, नाहीतर तो बाहेर पडतो. लांबून बघताना ते टोचण्यासारखंच दिसतं. आणि पांढरं जे नेतो ती पिल्लांची शी. या वयातल्या पिल्लांची विष्ठा पातळ चिकट आवरणात बांधलेली, छोट्या पांढऱ्या पिशवीसारखी येते. घास गिळला की पिल्लू मागचा भाग वर करतं आणि आईबाप ती पिशवी चोचीत धरून लांब नेऊन टाकतात. पिल्लं अगदी लहान असताना गिळूनही टाकतात. त्यामुळे घरटं कोरडं राहतं, वास सुटत नाही, आणि माग काढत येणाऱ्या शत्रूला सुगावा लागत नाही. म्हणजे तुम्ही ज्याला नासधूस समजलात ती रोजची साफसफाई होती.

तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून हे लिहीत नाही. तुम्ही दोन दिवस राखण केलीत ती मायेनेच. पण या वयाच्या पिल्लांना उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने खायला लागतं, आणि अंगावर पिसं नसल्यामुळे दुपारच्या उन्हात आईची सावलीही लागते. मोठा पक्षी प्रत्येक फेरीला उडवला गेला तर पिल्लं उपाशी राहतातच, वर तापतातही. तिन्ही पिल्लं अजून जोरात माना वर करताहेत असं तुम्ही लिहिलंत, ते वाचून माझा जीव भांड्यात पडला. अशक्त पिल्लू मान उचलत नाही.

आता ओळख कशी पटली ते सांगते. गेली बावीस वर्षं मी मुंबईच्या बागांमधली, सोसायट्यांमधली घरटी बघते आहे, आणि अजूनही नुसत्या उघड्या पिल्लाचा फोटो बघून नाव सांगायला मी कचरते. पहिल्या आठवड्यात बहुतेक छोट्या पक्ष्यांची पिल्लं एकसारखी दिसतात: मोठं डोकं, फुगीर पोट, चोचीच्या कडेला पिवळट मऊ जिवणी. तुरा नाही, रंग नाही, शेपटी नाही. लोक पिल्लाकडे टक लावून बघतात आणि पुस्तकातल्या मोठ्या पक्ष्याच्या चित्राशी ताडून बघतात, तिथेच फसतात. मी उलट्या बाजूने जाते. आधी घरटं कुठे आहे आणि कसं बांधलंय, मग तिथे कोण ये-जा करतं, आणि सगळ्यात शेवटी पिल्लू.

घरट्यापासून सुरुवात करू. उघडी वाटी, कमी उंची, दाट झुडूप, बाहेरून वाळकी पानं आणि काड्या, आतून बारीक मुळं-तंतू, आणि तुमच्या फोटोत दिसतोय तो प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा. मुंबईच्या बागेत असं घरटं दिसलं की माझ्या मनात पहिलं नाव बुलबुलाचं येतं. इथे दोन बुलबुल सर्रास आहेत, लालबुड्या आणि शिपाई. दोघांची घरटी इतकी सारखी असतात की रिकाम्या घरट्यावरून मी पैज लावणार नाही. पिल्लंही सारखीच: जन्मतः अंगावर लव जवळजवळ नसते, तोंड आतून लालसर. इथे तुमचं ‘पोटाशी पांढरा’ हे दोन शब्दांचं वर्णन कामाला आलं. लालबुड्या बुलबुल अंगाने काळपट तपकिरी असतो, छातीवर खवल्यांसारखी नक्षी, तुरा आखूड आणि उडताना कमरेवर पांढरा पट्टा. शिपायाचा तुरा उंच, टोकदार, पोलिसाच्या जुन्या टोपीसारखा ताठ. पोट पांढरं, गाल पांढरा आणि डोळ्यामागे लाल ठिपका. शेपटीखाली लाल दोघांनाही असतं, त्यामुळे ‘खाली लाल दिसलं’ एवढ्यावरून ठरवू नका. बागेत गेलात की गाल बघा. लाल ठिपका दिसला की शंकेला जागा उरणार नाही.

बाकीची तीन नावं का नाहीत, तेही सांगायला हवं, कारण उद्या दुसऱ्या झाडावर दुसरं घरटं सापडेल.

साळुंकी उघड्यावर वाटी करत नाही. तिला पोकळी लागते: झाडाची ढोली, भिंतीतलं भोक, एसीच्या मागची जागा, सिग्नलच्या खांबाची नळी. तिच्या पिल्लांचं तोंड आतून पिवळंधमक असतं. पोपटही ढोलीतला. त्याची पिल्लं गुलाबी, उघडी असतात, पण चोच पहिल्या दिवसापासून वाकडी. झुडपातल्या वाटीत वाकड्या चोचीचं पिल्लू सापडणार नाही.

कोकिळेचं मात्र जरा थांबून सांगते, कारण मुंबईत उन्हाळा आला की प्रत्येक अनोळखी पिल्लू कोकिळेचं ठरतं. कोकीळ घरटं बांधत नाही आणि अंडं बहुतेक कावळ्याच्या घरट्यात घालते, हे आपण शाळेत शिकलो आणि ते खरं आहे. पण कावळ्याचं घरटं म्हणजे उंचावर, वर्षावृक्षाच्या किंवा आंब्याच्या बेचक्यात काटक्यांचा ढीग. आपल्या शहरात तर त्यात तारा, हँगरचे तुकडे, केबलचे कापलेले भाग हमखास. छातीच्या उंचीवरच्या नाजूक वाटीशी तिचा संबंध नाही. खऱ्या कोकिळेच्या पिल्लाची गंमत अशी की ते अंड्यातून कावळ्याच्या पिल्लांआधी बाहेर येतं. कोकिळेच्या अंड्याला साधारण १२ ते १४ दिवस लागतात, कावळ्याच्या अंड्याला १६-१७. नुकतं जन्मलेलं कावळ्याचं पिल्लू गुलाबी असतं, कोकिळेचं काळपट. तोंड दोघांचंही लाल, त्यामुळे कावळीण फसते आणि खालून बघणारी माणसंही. इथली कोकीळ कावळ्याच्या पिल्लांना सहसा ढकलून देत नाही, त्यामुळे एकाच घरट्यात दोन्ही जातींची पिल्लं शेजारी शेजारी वाढताना मी बघितली आहेत.

मोठी झाल्यावर, किंवा एखादं खाली पडल्यावर, पाय बघा. कावळ्याची तीन बोटं पुढे आणि एक मागे. कोकिळेची दोन पुढे, दोन मागे. काळ्या अंगावर फिक्या ठिपक्यांची किंवा पट्ट्यांची नक्षी दिसायला लागली तर प्रश्नच मिटला. पायाची ही खूण मी गेल्या वर्षी दादरच्या एका आजोबांना फोनवर सांगितली. त्यांनी चष्मा पुसून बोटं मोजली, आणि ज्या ‘कावळ्याच्या पिल्लाला’ गॅलरीतून हुसकून लावायचं घरात चाललं होतं ते कोकीळ निघालं. दुपारी त्या गॅलरीत कावळीण येऊन त्याला भरवत होती, हेही त्यांनीच बघितलं.

छोट्या झुडपांतही फसवाफसवी चालते, पण ती दुसऱ्या कोकिळांची. पावशा आपलं अंडं सातभाईंच्या घरट्यात घालतो. कारुण्य कोकिळा शिंपी किंवा वटवट्या या चिमुकल्या पक्ष्यांच्या घरट्यात. एवढासा शिंपी आपल्यापेक्षा मोठ्या पिल्लाच्या पाठीवर उभा राहून त्याला भरवतोय हे दृश्य एकदा बघितलं की विसरता येत नाही. म्हणून येणारा पक्षी बघा हा नियम मी सांगते तेव्हा एवढा अपवाद मनात असू द्या: भरवणारा छोटा आणि पिल्लू अवाढव्य असेल, तर पिल्लाकडेही नीट बघा.

आता येणारा पक्षी बघायचा कसा. तुम्ही सगळे घरट्याच्या तोंडाशी उभे राहून वाट बघत होतात, आणि बुलबुल चोचीत किडा धरून समोरच्या फांदीवर चिडून ओरडत होता. त्याचं ते ओरडणं म्हणजे ‘तुम्ही इथून हला’. वीस पावलं मागे या. बाकावर बसा, घरट्याकडे जरा तिरकं तोंड करून. दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलचा झूम पुरतो. वीस मिनिटं बसा. एवढ्या वेळात भरवणारा पक्षी एकदा तरी येतोच, बहुतेक वेळा चार-पाचदा. फ्लॅश नको, आणि फोटोसाठी पानं बाजूला करणं तर अजिबात नको. ती पानं म्हणजे पिल्लांचं छप्पर आणि पडदा दोन्ही आहे. कावळे आपल्यावर नजर ठेवून असतात. चार माणसं एका झुडपात वाकून बघताहेत हे वरच्या तारेवरून त्याला दिसलं, की तुम्ही गेल्यावर तो येतो. उघडी पडलेली घरटी दुसऱ्या दिवशी रिकामी सापडलेली मी इतक्यांदा बघितली आहेत की आता कुणी हौसेने फांदी बाजूला केली तर मी तिथल्या तिथे हात धरते.

माणसाचा हात लागला की आईबाप पिल्लाला टाकून देतात, हा समज तुमच्या पत्रातही आहे. तसं होत नाही. एवढे दिवस अंडी उबवून, भरवून वाढवलेलं पिल्लू पक्षी आपल्या हाताच्या वासावरून सोडत नाही. नुकसान होतं ते आपण तिथे तळ ठोकून बसल्याने. म्हणून हात लावू नका असं मी सांगते ते वासासाठी नाही, गर्दीसाठी.

मुंबईत लोकांना गोंधळात टाकणारी आणखी काही पिल्लं आहेत. दरवर्षी मला तेच तेच फोटो येतात, म्हणून इथेच लिहून ठेवते.

सगळ्यात जास्त फोटो पारव्याच्या आणि होल्याच्या पिल्लांचे. खिडकीच्या छज्जावर किंवा कुंडीत चार काड्या टाकलेल्या, त्यावर दोन पिल्लं, अंगावर पिवळसर केसांसारखी विरळ लव आणि चेहऱ्याच्या मानाने भलीमोठी फुगीर चोच. ‘गिधाडाचं पिल्लू आहे का हो?’ असं विचारतात. यांची खूण वागण्यात आहे. बाकीची पिल्लं तोंड वासून घास मागतात, ही मात्र आपली चोच आईच्या चोचीत खुपसतात आणि तिच्या अन्नपिशवीत तयार होणारं दुधासारखं घट्ट अन्न ओढून घेतात. बापही ते पाजतो. पारव्याच्या पडलेल्या पिल्लाला चमच्याने भात भरवायला गेलात तर ते तोंड उघडत नाही, त्याचं कारण हे आहे.

दुसरा नंबर गव्हाणी घुबडाचा. जुन्या इमारतीची बंद शाफ्ट, माळा, पाण्याच्या टाकीमागची जागा. पांढऱ्या लवेचा गोळा, बदामाच्या आकाराचा चेहरा आणि सापासारखा फूत्कार. लोक घाबरतात, कुणी अपशकुन म्हणून काठीने ढोसतं, आणि मला फार वाईट वाटतं, कारण त्या इमारतीतले उंदीर तेच कुटुंब कमी करत असतं. एकाच घरट्यात एक पिल्लू मोठं आणि एक अगदी लहान दिसलं तर वेगवेगळ्या जाती समजू नका. ही मादी पहिलं अंडं घातल्यापासूनच उबवायला बसते, त्यामुळे पिल्लं मागेपुढे जन्मतात.

भारद्वाजाचं पिल्लू बघायला मिळालं तर नशीबवान समजा. दाट झुडपातल्या गोलसर घरट्यात काळी कातडी आणि तिच्यावर पांढरे केसांसारखे तंतू, जणू म्हाताऱ्याचे विस्कटलेले केस. हे पिल्लू आजारी आहे असं सांगत एकदा पवईहून फोन आला होता. ते ठणठणीत होतं.

पावसाळ्यात रस्त्याकडेच्या मोठ्या झाडांखाली, पांढऱ्या शिंतोड्यांनी भरलेल्या फुटपाथवर, काटेरी डोक्याची, लांब पायांची पिल्लं पडतात. ती वंचक किंवा रातबगळा या बगळ्यांची. हातात घेतलं की मासे ओकतात आणि सरळ डोळ्याकडे चोच मारतात, म्हणून टॉवेलशिवाय धरू नका आणि चेहऱ्याजवळ आणू नका. हे गमतीने सांगत नाही. त्यांची चोच सुरीसारखी असते.

आणि एक पिल्लू जे पिल्लूच नसतं. मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये जमिनीवर बसलेला, शेपटी जवळजवळ नसलेला, हिरव्या-निळ्या-पिवळ्या रंगांचा दमलेला पक्षी. शेपूट नाही म्हणून लोक त्याला पिल्लू समजतात. तो पूर्ण वाढलेला नवरंग असतो. पावसाच्या तोंडावर दक्षिणेकडून येताना रात्रीच्या दिव्यांनी आणि काचांनी गोंधळून तो इमारतींवर आपटतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात काही तास शांत ठेवलं की बरेचसे सावरतात.

तुमच्या घरट्याकडे परत येते. डोळे किलकिले आणि पंखांवर पिसांच्या नळ्या, म्हणजे पिल्लं पाच-सहा दिवसांची असावीत. एक-दोन दिवसांत त्या नळ्यांची टोकं फुटतील आणि त्यातून खरी पिसं उलगडतील. एका रात्रीत पिल्लं बदलली की काय असं वाटेल, इतका फरक दिसतो. साधारण बाराव्या दिवसाच्या आसपास ती घरटं सोडतील. इथे पुन्हा एकदा चूक होण्याची जागा आहे, आणि ही चूक मी स्वतः केलेली आहे.

बुलबुलाची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतात. खालच्या फांदीवर, कधी जमिनीवरही, आखूड शेपटीने बसून किचकिच करतात. आईबाप आजूबाजूला असतात आणि पुढचे कित्येक दिवस बाहेरच भरवतात. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत सायनला मला दयाळाची अशी दोन पिल्लं गवतात सापडली. दयाळ काळापांढरा, ही मात्र छातीवर तपकिरी ठिपक्यांची, त्यामुळे झाडावर बसून ओरडणारा दयाळ त्यांचा कुणी असेल हे माझ्या लक्षातच आलं नाही. अनाथ समजून घरी आणली, दूध-पोळी भरवली. दोन्ही गेली. आज मला माहीत आहे की ड्रॉपरने टाकलेलं दूध किंवा पाणी श्वासनलिकेत जातं, आणि पक्ष्याला दूध पचतही नाही. तेव्हा माहीत नव्हतं.

म्हणून पिल्लू खाली दिसलं तर आधी अंगावर पिसं आहेत का ते बघा. उघडं असेल, तर अलगद उचलून घरट्यात परत ठेवा. घरटंच फाटलं असेल तर करवंटीला किंवा छोट्या टोपलीला तळाशी भोकं पाडून, आत वाळकं गवत घालून, त्याच फांदीला घट्ट बांधा आणि लांब व्हा. आईबाप तिथेही येतात. अंगावर पिसं असतील आणि टुणटुण उड्या मारत असेल, तर फार तर उचलून दाट झुडपात फांदीवर ठेवा, बाकी काही नको. रक्त, लोंबणारा पंख किंवा मांजराचा दात लागलेला असेल तर मात्र वेळ घालवू नका. मांजराचा दात बारीक दिसला तरी जखम आतून चिघळते. भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ कापडावर ठेवा, खायला-प्यायला काही देऊ नका आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

बागेतल्या मांजरांचं तुम्ही विचारलंत. झुडपाच्या बुंध्याशी बोगनवेलीच्या काटेरी फांद्या पसरून ठेवल्या तर मांजर वर चढायला कंटाळतं, हा उपाय मला बऱ्यापैकी लागू पडलेला आहे. आणि तिथे मांजरांना खाऊ ठेवणारे कुणी असतील तर त्यांना हात जोडून सांगा की आठवडाभर तो बागेच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. भांडू नका, ती माणसंही प्राण्यांवर माया करणारीच असतात.

घरटं कुंडीत हलवू का, गॅलरीत नेऊ का, या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे. जागा बदलली की आईबापांना ते सापडत नाही. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे संरक्षित पक्ष्याची अंडी किंवा घरटं विस्कटणं हे शिकारीच्या व्याख्येत येतं. पण कायद्याआधी पिल्लांसाठीच ते करू नका.

सगळ्यात महत्त्वाचं माळीदादांशी बोला. कामिनीचं कुंपण पावसाआधी कातरतात, आणि मी बघितलेली बुलबुलाची सर्वाधिक घरटी मांजराने नव्हे, कातरीने गेली आहेत. एका सोसायटीत मी सकाळी आठ वाजता फांद्या न कापण्याबद्दल बोलून आले आणि अकरा वाजता ढिगाऱ्यात घरटं सापडलं, कारण ज्यांच्याशी बोलले ते वेगळे आणि कातरणारे वेगळे होते. म्हणून स्वतः कातर चालवणाऱ्याला घरटं लांबून दाखवा. दोन्ही बाजूंना पाच-पाच पावलं एवढाच पट्टा पंधरा दिवस सोडायचा आहे. फांदीला रंगीत रिबन बांधू नका, त्याने कावळ्यालाच पत्ता मिळतो. दगडांची छोटी रास जमिनीवर ठेवली तर कातरणाऱ्याला कळतं.

तुम्ही दोन दिवस घरट्यावर राखण केलीत, तर आता आणखी आठवडाभर त्या बाकावरून करा. घरटं एके सकाळी रिकामं दिसेल. घाबरून जाऊ नका, कामिनीच्या खालच्या फांद्यांत बघा. पांढरं पोट, एवढासा तुरा, शेपटी अर्धवट, गालावर लाल ठिपका अजून आलेला नाही, अशी तिघं एकमेकांना चिकटून बसलेली असतील. आणि तो तुरेवाला पक्षी चोचीत काहीतरी घेऊन येईल. किती पिल्लं उडाली ते मला नक्की कळवा.